तापणारी गाडी, तापणारा मुलूख

मोटरसायकलवर गप्पा मारायला चार जण बसले की त्यांत एक तरी असा निघतोच, जो मान उडवून म्हणतो, "वेगाची गाडी म्हटली की तापणारच. ज्याला ताप नको त्याने स्कूटर घ्यावी." हे इतक्या ठामपणे म्हटलं जातं की पुढे कोणी बोलत नाही. इंजिनच्या उष्णतेबद्दल कुरकुर करणं म्हणजे सावजीच्या खानावळीत बसून "तिखट जरा कमी घाला" म्हणण्यासारखं. लाज वाटते हो माणसाला!

माझं मत मात्र वेगळं आहे. भारी ताकदीची स्पोर्ट मोटरसायकल घेताना इंजिनच्या उष्णतेचा विचार करायलाच हवा, आणि तो किंमत, ताकद, रंग यांच्या नंतर नव्हे, बरोबरीने करायला हवा. पण तो गाडीतला दोष म्हणून नाही. आपण कुठे राहतो आणि कुठे चालवणार, या प्रश्नाचा भाग म्हणून. हे 'कुठे' आपण विसरतो, म्हणून हा लेख.

विषय निघाला तो सौंसरमुळे. गोव्याच्या वाचकांना हे गाव नकाशावर चटकन सापडणार नाही. नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौंसर असे दोन तालुके आहेत. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. पण घरातली बोली मराठीच, पोळा मराठी, पुरणपोळी मराठी. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी सांभाळणं काय असतं ते आपल्याला गोव्यात वेगळं सांगायला नको. त्यामुळे या लोकांबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे, आणि आमच्या एका मावसबहिणीचं सासरही सौंसरचंच.

तिच्या मुलाची संत्र्याची बाग आहे. बहार चांगला आला, हातात पैसे आले आणि त्याच्या मनात स्पोर्ट मोटरसायकल भरली. मामाला मोटरसायकलींवर वाचायचा नाद आहे हे त्याला ठाऊक. फोनवर त्याने सरळच विचारलं, "मामाजी, सारे म्हणतात ते गाडी लय गरम होते. गरम होते म्हनून घ्याचीच नाही का जी?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपत नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. त्यातली पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचते. उरलेली, म्हणजे सहाएक युनिट, निव्वळ उष्णता. न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर सलग तीन तास चालू ठेवा, तेवढी! ही उष्णता सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनच्या अंगातून बाहेर पडते. चारचाकीत ती बॉनेटखाली राहते; तिच्या आणि आपल्या मध्ये पत्र्याची जाड भिंत असते. मोटरसायकलीत आपण इंजिनच्या वर, त्याला दोन्ही मांड्यांत धरून बसतो.

आता कोणी म्हणेल, लिटरमागे उष्णता सगळ्याच गाड्यांत तेवढीच, मग स्पोर्ट गाडीचंच काय वेगळं? वेगळं हे, की १००० सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन नुसतं उभं राहून धडधडतं तेव्हाही १०० सीसीच्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल जाळतं. आणि उभ्या गाडीत जळणारं सगळं पेट्रोल शेवटी उष्णताच होतं, कारण चाक तर फिरतच नाही. त्यात इंजिनभोवती फेअरिंगचं आवरण. धावताना ते वारा कापायला उत्तम, पण उभ्या गाडीत गरम हवेला कोंडून ठेवणारं. पंखा सुरू झाला की ती कोंडलेली हवा वाट मिळेल तिथून निघते, आणि वाट बहुधा चालवणाऱ्याच्या पोटऱ्यांवरून जाते. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. धूर स्वच्छ करणारं हे यंत्र तीनेकशे अंशांच्या पुढे तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि अनेक गाड्यांत ते इंजिनच्या अगदी पोटाखाली असतं. हवा स्वच्छ हवी तर ते हवंच. पण शेगडी आणखी एक वाढली हेही खरं.

इथपर्यंतची गोष्ट जगात सगळीकडे सारखी. पांढुर्णा-सौंसरची खरी अडचण पुढे आहे.

रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती त्याच्यातल्या गरम पाण्यात आणि बाहेरच्या हवेत जो फरक असतो त्याच्या जोरावर. इंजिनातलं कूलंट १०० अंशांवर आहे असं धरा. बाहेर २० अंशांची हवा असेल तर फरक ८०. आमच्या पणजीत मे महिन्यात ३३ असेल तर ६७. आणि विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ ला गेला तर फरक उरला ५५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. इंग्लंड-जपानच्या रस्त्यावर ज्या गाडीचा पंखा क्वचित फिरतो, तीच गाडी सौंसरच्या बाजारात पोचली की पंखा थांबायचं नाव घेत नाही.

हे झालं यंत्राचं. आता माणसाचं. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३४-३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तर वारा लागला की बरं वाटतं. हवा ४५ ची असेल तर वारा थंड करत नाही, उलट तापवतो. तग धरता येतो तो फक्त घामाच्या जोरावर. हवा कोरडी असल्याने तिथे घाम झटकन वाळतो आणि अंगातलं पाणी कळायच्या आत निघून जातं. त्या भागातले लोक उन्हाळ्यात डोक्या-तोंडाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात, ते काही हौसेने नाही. आमच्या गोव्यात दुखणं दुसरं. पारा कमी पण हवा ओली, घाम अंगावरच राहतो, म्हापशाच्या बाजारात सिग्नलला दोन मिनिटं थांबलं तरी सदरा पाठीला चिकटतो. दोन्हीकडे खालून इंजिनची धग आली की हिशोब आणखी बिघडतो, इतकंच.

"सवय होते हो!" असं सांगणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. जगातले सर्वांत तयारीचे स्वार, अंगात एक ग्रॅम चरबी जास्तीची नाही, जन्म शर्यतीत गेलेला. तरीही उष्णता आणि दमटपणा पाहून आयोजकांनी मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली. दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्टिन शर्यत संपवली तेव्हा अंगातलं पाणी आटून पार गळून गेला होता. तो महिना सप्टेंबर होता, मे नव्हे! आणि ते स्वार सिग्नलला उभे राहत नव्हते. उष्णतेपुढे जर यांनी मान तुकवली, तर आपण कॉलेजच्या कट्ट्यावर बसून "सवय होते" म्हणणं जरा जास्तच होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. भारी ताकदीच्या गाडीवर पूर्ण तोंडाचं हेल्मेट, जाड जाकीट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट हवेत. वेग जितका जास्त, तितकी या कवचाची गरज जास्त. पण गाडी खालून भाजत असेल आणि वरून ऊन ओतत असेल तर माणूस पहिलं काय काढतो? जाकीट. मग मोजे. मग बूट जाऊन चप्पल येते. शेवटी हेल्मेट आरशाला लटकतं. म्हणजे दीडशेच्या वेगाने जाऊ शकणारी गाडी आणि तिच्यावर टी-शर्टातला मुलगा! घसरला की डांबर कातडी सोलून काढतं. गाडी तापते हा प्रश्न असा मांडीवरून सुरू होतो आणि हळूहळू जिवापर्यंत येतो. उष्णतेचा विचार ही चोचल्यांची बाब नाही असं मी म्हणतो ते यासाठी. जी गाडी तुम्हाला तुमच्या गावच्या हवेत कवच घालून चालवू देत नाही, ती तुमच्यासाठी धोक्याची आहे, मग कागदावर ती कितीही उत्तम असो.

मागे बसणारीचा विचार तर कोणी करतच नाही. आपल्याकडे गाडी एकट्याची कधीच नसते. बायको, बहीण, आई, कोणी ना कोणी मागे बसतंच. सायलेन्सरचा चटका बसून पोटरीवर कायमचा डाग राहिलेल्या बायका प्रत्येक गावात दिसतात. साठ अंशांचा धातू काही सेकंद चिकटला तरी कातडी भाजते, आणि सायलेन्सर त्याच्या कितीतरी पुढे असतो. यामाहाने डिसेंबर २००७ मध्ये आर-वन ही गाडी भारतात अधिकृतपणे आणली. दहा लाखांहून जास्त किंमत, आमच्यासारख्यांनी फक्त मासिकात बघायची. तिचे सायलेन्सर सीटच्या खाली, शेपटीत होते. दिसायला काय देखणे! पण धगीची जागा बघा.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. काट्यावर १०५ अंश दिसले म्हणून इंजिन जळालं असं अजिबात नाही. कूलंट निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असतं आणि टोपणाच्या दाबाखाली असतं. ते १२० अंशांच्याही पुढे जाईपर्यंत उकळत नाही. बनवणाऱ्यांनी हे सगळं गृहीत धरलेलं असतं. तेव्हा "तापते म्हणजे गाडी खराब" हे गावातल्या गॅरेजमधलं अर्धवट ज्ञान. यंत्र टिकतं. प्रश्न यंत्राचा नाही, त्याच्यावर बसलेल्या माणसाचा आहे. हा फरक ध्यानात ठेवला की निम्मे वाद आपोआप मिटतात.

आणि कंपन्या स्वतः काय करतात तेही बघा. कावासाकीने निंजा ३०० मध्ये रेडिएटरच्या पंख्यामागे खास आवरण दिलं, गरम हवा स्वाराच्या पायांवर न येता खाली आणि बाहेर जावी म्हणून. ती गाडी २०१३ साली आपल्याकडे आली. डुकाटीच्या पानिगाले व्ही-फोरमध्ये गाडी तापलेली असताना सिग्नलला थांबलात तर मागचे दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, कारण ते बरोबर मांड्यांच्या खाली असतात. उष्णता ही नाजूक माणसांची तक्रार असती तर या लोकांनी त्यावर पैसा आणि डोकं खर्च केलं असतं का? बनवणारे जी गोष्ट गंभीरपणे घेतात ती विकत घेणाऱ्याने हसण्यावारी का न्यावी?

त्याचं उत्तर मला वाटतं आपल्या सोसण्याच्या कल्पनेत आहे. पांढुर्ण्याची गोटमार पुष्कळांनी टीव्हीवर पाहिली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. दरवर्षी माणसं रक्तबंबाळ होतात. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी मानलं नाही. परंपरेवर बाहेरच्या माणसाने पटकन शेरा मारू नये, मीही मारत नाही. पण "लागलं तरी हूं की चूं करायचं नाही" हा जो बाणा आहे, तो काही त्या एका गावाचा नाही. आमच्या गोव्यात मे महिन्यातल्या लग्नात थ्री-पीस सूट घालून घामाने निथळत हसतमुख उभा राहणारा नवरदेव तोच बाणा दाखवत असतो. सोसणं म्हणजे मोठेपणा! थंड देशातला कोट आपण उन्हात घातला, आणि आता थंड देशातली गाडी उन्हात चालवतो. कोट निदान मांडवातून बाहेर पडताच काढता तरी येतो.

पण याच मुलखात शहाणपणाची दुसरी परंपराही आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी या पट्ट्यातला गवळाऊ बैल प्रसिद्ध आहे. पांढरा-करडा, सडपातळ, चपळ. मराठ्यांच्या काळात फौजेचं सामान लवकर हलवायला या जातीचे बैल वापरत असं सांगितलं जातं. म्हणजे त्या काळातली ही वेगाची गाडीच की! पण ती त्या जमिनीत, त्या उन्हात घडलेली. आणि तरीही शेतकरी तिला मे महिन्याच्या भर दुपारी जुंपत नाही. पहाटे जुंपतो, ऊन चढलं की सोडतो, सावलीला बांधतो. विदर्भातले शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, थंडीच्या दिवसांत भरतात. ज्या माणसाला बैलाच्या अंगातली उष्णता कळते, त्याला इंजिनची कळत नाही असं कसं होईल? कळतेच. फक्त शोरूममध्ये पाय टाकला की तो शेतकरी राहत नाही, गिऱ्हाईक होतो, आणि परदेशात लिहिलेली परीक्षणं त्याला आपल्या आजोबांच्या अनुभवापेक्षा खरी वाटू लागतात.

खरेदीच्या वेळेचाही एक घोळ आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात येतात, कपाशीचेही तेव्हाच. गाडी घ्यायची ती दसऱ्याला, नाहीतर धनत्रयोदशीला. हवा छान, सकाळी शोरूमवाला मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांची फेरी मारू देतो, गाडी मुलायम धावते, सही होते. उष्णता कळते ती एप्रिलमध्ये, तोवर पाचेक हप्तेही गेलेले असतात. हौशी लोकांनाही हंगाम कळतोच की. गोव्यात २०१३ साली पहिला इंडिया बाईक वीक भरला तो फेब्रुवारीत, पुढे तो नोव्हेंबर-डिसेंबरकडे सरकला. मे महिन्यात बोलावलं असतं तर किती जण आले असते?

म्हणून भाच्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर घे, आणि त्याआधी ऊन चढल्यावर गाडी मागून घे. दुपारी दोन वाजता. जाकीट, हेल्मेट, बूट, सगळं चढवून. मोकळ्या हमरस्त्यावर नाही, बाजारात ने. मग सावलीत उभी करून इंजिन चालू ठेव आणि पंखा दोन वेळा सुरू होऊन बंद होईपर्यंत तिच्यावर बसून राहा. गरम हवा कुठून येते, मांडीवर की पोटरीवर, की बाहेर निघून जाते, ते अंगालाच कळेल. त्यासाठी कुठलं परीक्षण वाचायला नको. कोणाला तरी मागे बसवून त्यालाही विचार.

त्यानंतर कागद घेऊन हिशोब मांड. तुझे शंभर किलोमीटर कसे जातात? सौंसरहून छिंदवाड्याकडे सातपुड्याच्या घाटात आणि नागपूरच्या मोकळ्या रस्त्याला जास्त, की बागेपासून बाजारापर्यंत आणि बँकेपासून बाजार समितीपर्यंत? मोकळा रस्ता आणि पहाटेची वेळ जास्त असेल तर तापणारी गाडी खुशाल घे; वाहत्या हवेत ती तुला त्रास देणार नाही, आनंदच देईल. गावातलंच चालवणं जास्त असेल तर तीच हौस तीनशे-चारशे सीसीच्या गाडीत भागव, जिची गरम हवा पायांपासून लांब जाते. आणि मन मोठ्या गाडीवरच अडलं असेल तर हेही ठरवून टाक, की मार्च ते जून ही गाडी सूर्य डोक्यावर यायच्या आत घरी परत येईल. बैल येतो तशी.

यावर "हृदयाने घ्यायची गोष्ट हिशोबाने घेता येत नाही" असं म्हणणारे आहेत, आणि मी त्यांच्याशी भांडणार नाही. मोटरसायकल हौसेनेच घ्यावी. पण वर्षातले चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवावी लागते ती हौस महागात पडलेली असते. आपल्या हवेत, आपल्या रस्त्यावर, अंगावर पूर्ण कवच घालून जी गाडी चालवावीशी वाटते तीच आपल्यासाठी वेगवान. बाकीच्या दुसऱ्या कोणाच्या तरी देशात वेगवान असतात.

तुमच्या गावी दुपारी दोन वाजता काय वाटतं, ते एकदा गाडीवर बसून बघा. मग पैसे मोजा.